मामांचं बेल्जियन द्राक्षासव

बेल्जियमच्या पश्चिम टोकाला वेस्टव्लेटेरेन नावाचं एक खेडं आहे. तिथल्या सेंट सिक्स्टस मठातले साधू प्रार्थनेतून उरलेल्या वेळात बिअर बनवतात. त्यांची '१२' आकड्याची काळपट बिअर जगातल्या उत्तम बिअरच्या याद्यांमध्ये वर्षानुवर्षं वरची जागा अडवून बसलेली आहे. ती विकत घ्यायची रीतही साधूंना शोभेल अशीच होती. मठाला फोन करायचा, फोन लागलाच तर आपल्या मोटारीचा नंबर सांगायचा आणि ठरल्या दिवशी त्याच मोटारीतून मठाच्या दारात हजर व्हायचं. एका नंबरप्लेटला साठ दिवसांत एकच खेप. २०१९ मध्ये फोनऐवजी ऑनलाइन नोंदणी आली, तोवर निम्म्या युरोपाचं बोट रिडायल करून झिजलं होतं.

या नियमात माथेरानकर पहिल्याच फेरीत बाद होतो. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही, अपवाद रुग्णवाहिकेसारख्या गाड्यांचा. घोडे भरपूर आहेत, पण घोड्याला नंबरप्लेट नसते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट मे १८५० मध्ये खालच्या चौक गावाहून डोंगर चढून इथे आला आणि पुढे त्याने गावातलं पहिलं घर बांधलं. त्या घराचं नाव 'द बाइक'. वाहनाशी माथेरानचा जुना संबंध असलाच तर एवढाच.

तरीही बेल्जियमची काळी, तगडी बिअर माथेरानच्या पठारावर पोचते. ती पोचते भाच्यामुळे. ठाणे, मुलुंड, डोंबिवली या पट्ट्यात हल्ली प्रत्येक मामाला एक तरी परदेशस्थ भाचा असतो आणि त्यांतला एखादा ल्यूव्हेनला असतो. १४२५ सालचं विद्यापीठ आणि जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीचं मुख्यालय एकाच गावात असल्यामुळे त्याच्या आईला विद्यापीठाचा अभिमान वाटतो आणि मामाला उरलेल्याचा.

भाचा सुट्टीला येताना सहा बाटल्या आणतो. सहाच का, याचं उत्तर कस्टम्सच्या नियमात आहे. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. बेल्जियन बाटली ३३० मिलिलिटरची. सहा बाटल्यांचे झाले १,९८० मिलिलिटर. उरलेल्या वीस मिलिलिटरची सूट भाचा सरकारला सोडून देतो आणि ताठ मानेने ग्रीन चॅनलमधून बाहेर पडतो.

गंमत म्हणजे दोन लिटर हा आकडा या बिअरच्या पत्रिकेतच आहे. १९१९ साली बेल्जियममध्ये एमिल व्हान्डरवेल्डे या समाजवादी मंत्र्याने एक कायदा करून घेतला. गुत्त्यांमध्ये जिनसारखी कडक दारू विकायला बंदी. दुकानातून न्यायची असेल तर एका वेळी किमान दोन लिटर घ्या. मजुराच्या खिशात एकदम दोन लिटरचे पैसे नसतात, हा त्यामागचा हिशेब. पैसे नव्हते हे खरं, पण तहान होती. जिनची उणीव भरून काढायला बेल्जियमची बिअरच तगडी होत गेली. ऐंशीच्या दशकात तो कायदा गेला, तगडी बिअर राहिली. दारू कमी व्हावी म्हणून केलेल्या कायद्याने बिअरमधली दारू वाढवली, हे वाचून महाराष्ट्रातल्या माणसाला फारसा धक्का बसत नाही. त्याला एवढंच नवल वाटतं, की बेल्जियम म्हणायचं दोन लिटरच्या खाली घेऊ नका, भारत म्हणतो दोन लिटरच्या वर आणू नका, आणि दोन्ही सरकारांना मान्य असलेला एकच माणूस निघतो, तो म्हणजे भाचा.

महाराष्ट्राचा स्वतःचा कायदाही काही कमी रसाळ नाही. इथे अजून १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि दारू प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना, वर्षाचा शंभराला, तहहयात हजाराला. या कायद्याच्या ४०-अ कलमात 'आरोग्य परवाना' आहे. ज्याला प्रकृती राखण्यासाठी मद्याची गरज आहे, त्याच्यासाठी ही सोय. आता योगायोग पाहा. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियमावली लिहिली. बिअर बनवणारे हे ट्रॅपिस्ट साधू आजही तीच पाळतात. तिचं चाळिसावं प्रकरण पेयाच्या मापाविषयी आहे. अशक्त बंधूंचा विचार करून बेनेडिक्टने माणशी रोज एक हेमिना वाइन मान्य केली. हेमिना म्हणजे आपल्याकडचं साधारण पाव लिटर. इटलीतला संत आणि मुंबई राज्याचा विधी विभाग, दोघेही चाळिसाव्या आकड्यापाशी येऊन प्रकृतीचाच हवाला देतात.

या कायद्याला फ्रॅम नसरवानजी बलसारा या पारशी गृहस्थांनी आव्हान दिलं होतं. त्यांना घरात व्हिस्की, ब्रँडी, वाइन आणि बिअर ठेवायची होती. शिवाय ओ-द-कोलन, लॅव्हेंडर वॉटर आणि औषधी वाइनही वापरायची होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये औषधं आणि सुगंधी पाणी बंदीतून मोकळं केलं. बिअर अडकली ती अडकलीच. औषध म्हणून दिसलेल्या बाटलीला महाराष्ट्रात नेहमीच मोकळी वाट मिळत आली आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं. पुढे उपयोगी पडेल.

तर सहा बाटल्या आणि पाच माणसं नेरळला उतरतात. अशा मंडळात काही पात्रं ठरलेलीच असतात. मामा, भाचा, बँकेतून निवृत्त झालेला एक हिशेबी, 'स्ट्राँगशिवाय आपण कशाला हात लावत नाही' असं तीस वर्षं सांगणारा एक स्ट्राँगवाला आणि एक वैद्य. वैद्यबुवा स्वतः घेत नाहीत, पण 'सोबत असलेलं बरं' म्हणून येतात आणि चकण्यातला सिंहाचा वाटा त्यांचा असतो.

नेरळ–माथेरान गाडी १९०७ साली सुरू झाली. पैसा सर आदमजी पीरभॉय यांचा, कष्ट त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यांचे. दोन फुटी रूळ, वीस-एकवीस किलोमीटरचं अंतर आणि त्याला दोन-अडीच तास. हौशी प्रवाशाला ही वळणं म्हणजे पर्वणी, पण मठाच्या बिअरला ती मानवत नाहीत. ही बिअर बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट पुन्हा घालतात. मग ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, तिथेच तिचे बुडबुडे तयार होतात आणि यीस्टचा साका तळाला बसतो. बाटली हलली की साका उठतो, बिअर गढूळ होते आणि बूच उघडल्यावर निम्मी छतावर जाते. म्हणून पहिल्या वळणाला भाचा बॅग मांडीवर घेतो आणि दुसऱ्या वळणाला छातीशी धरतो. समोरच्या बाकावरच्या आजी हात जोडून विचारतात, "आत देव आहेत का रे बाळा?"

"औषध आहे, आजी," मामा सांगतो.

दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनावर उतरल्यावर खरा पेच. "काका, घोडा घ्या, पाय दुखतील" असा गलका सुरू होतो. घोड्याच्या चालीने बाटलीचं काय होईल, या विचाराने भाच्याचा चेहरा उतरतो. हातरिक्षाचा प्रश्नच मिटला आहे. माणसाने माणूस ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये बजावलं, आणि ते फार आधी व्हायला हवं होतं. ई-रिक्षापुढे रांग असते. शेवटी मामा घोड्यावर बसतो आणि बाटल्या चालत जातात. म्हणजे भाचा चालत जातो, लाल धुळीतून, पाऊल मोजून टाकत, एका हातात बाटल्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात नाक्यावर घेतलेली चिक्की. वाटेत माकड खाली उतरतं, दोन्ही पिशव्यांकडे नीट बघतं आणि चिक्की घेऊन जातं. प्रवासविम्याचा इतका स्वस्त हप्ता दुसरीकडे कुठे भरावा लागत नाही.

खोलीवर पोचल्यावर भाचा जाहीर करतो, की बाटल्या रात्रभर उभ्या ठेवायच्या, साका बसू द्यायचा आणि उद्या संध्याकाळी उघडायच्या. ही बातमी ऐकून स्ट्राँगवाला चप्पल घालून बाजाराकडे निघून जातो. हिशेबी कपाटातल्या बाटल्या मोजतो आणि तासाभराने पुन्हा मोजतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रीजवरून भांडण होतं. हे भांडण प्रत्येक मराठी घरात होणार हे लिहून ठेवावं. आपल्याकडे बिअर चांगली की वाईट, हे दातावरून ठरतं. दात कळवळले तर चांगली.

"मामा, फ्रीजमध्ये नाही ठेवायची ही."

"म्हणजे कोमट प्यायची? मग चहा काय वाईट आहे?"

"कोमट नाही रे. दहा ते चौदा डिग्री."

मामाला हे पटत नाही, पण इथे माथेरान भाच्याच्या मदतीला येतं. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो. व्हरांड्याच्या फरशीवर तासभर ठेवलेली बाटली बेल्जियमला हव्या त्या तापमानाच्या जवळपास आपोआप येते. ठाण्यात हे साधायचं तर बाटली आधी फ्रीजमध्ये घालून मग घड्याळ लावून बाहेर काढावी लागते, आणि तेवढ्यात कुणीतरी फ्रीजमधून दही काढायला येतं.

थंडगारपणाचा आग्रह का नको, याला कारण आहे. फार थंड जिभेला चव कळत नाही. ज्या बिअरमध्ये चव लपवण्यासारखीच असते तिला ते सोयीचं असतं. इथे मात्र सगळी कमाई वासात आणि चवीत आहे.

पेल्याचाही एक प्रश्न असतो. बेल्जियममध्ये जवळपास प्रत्येक बिअरला स्वतःचा पेला असतो. या तगड्या काळ्या बिअरला पाय असलेला, पसरट तोंडाचा, चर्चमधल्या पवित्र पात्राच्या घडणीचा पेला लागतो. खानसामा बराच वेळ आत शोधाशोध करतो आणि पाच काचेचे कप घेऊन येतो. पाय आहे, तोंड पसरट आहे. एरवी त्यातून फ्रूट सॅलड देतात. भाचा ते कप उजेडाकडे धरून पाहतो आणि मान डोलावतो.

आता बाटली. भाचा ती तिरकी धरून एका दमात ओततो आणि शेवटचा बोटभर भाग साक्यासकट बाटलीतच ठेवतो. हिशेबी त्या बोटभराकडे दुःखाने बघतो. रंग दिव्याखाली काळाच दिसतो. मोबाइलच्या टॉर्चसमोर कप धरला की कडेने डाळिंबी तांबडा. फेस दाट, तपकिरी झाक असलेला आणि हट्टी. स्ट्राँगवाला फेस बसायची वाट बघतो आणि फेस त्याची वाट बघतो. कपात नाक घातलं की आधी मनुका. पाठोपाठ खजूर आणि आलुबुखार. मग सालीवर काळे ठिपके पडलेलं पिकलं केळ, अगदी पुसटसं. आणि श्वास संपता संपता लवंग.

"केक," मामा म्हणतो. "नाताळात वांद्र्याहून आणतो तो."

पहिला घोट गोड लागतो. इतका की स्ट्राँगवाला फसवणूक झाल्यासारखा भाच्याकडे बघतो. जिभेच्या मध्यावर आल्यावर तो गोडवा खरपूस होतो, कढईत जरा जास्तच तापलेल्या काकवीकडे झुकतो. बुडबुडे बारीक आणि टोचरे आहेत, ते सगळं जड होऊ देत नाहीत. कडवटपणा येतो तो शेवटी, दबक्या पावलांनी. गिळल्यावर तोंड चक्क कोरडं पडतं. एवढं गोड काहीतरी प्यायल्यावर तोंडात गोडवा मागे राहत नाही, याचं नवल वाटत असतानाच छातीत ऊब पसरते. घाई नसलेली ऊब. स्ट्राँगवाला खुर्चीत सावरून बसतो. बाटली हातात घेऊन आकडा वाचतो आणि ती हळूच खाली ठेवतो.

आकडे असे. शिमे मठाची निळ्या लेबलची बिअर ९ टक्के. ती नाताळची खास बिअर म्हणून प्रथम आली. वेस्टव्लेटेरेन १२ ही १०.२ टक्के. आणि हातातली रोशफोर्ट १० ही ११.३ टक्के. त्या मठात १५९५ च्या सुमारासही बिअर बनत होती. आपल्याकडे 'स्ट्राँग' छापलेली बिअर फार तर ८ टक्क्यांपर्यंत जाते, कारण भारताच्या अन्न सुरक्षा मानकांनी बिअरची वरची हद्दच तिथे आखली आहे. त्या मापाने रोशफोर्ट १० बिअरमध्येच बसत नाही. तीस वर्षं स्ट्राँग पिणाऱ्या माणसाला साधूंनी मागे टाकलं, हा घाव बसायला थोडा वेळ लागतो.

हिशेबी मात्र लगेच कामाला लागतो. ३३० मिलिलिटरचे ११.३ टक्के म्हणजे शुद्ध मद्यार्क झाला साधारण ३७ मिलिलिटर. आपल्या व्हिस्कीत तो ४२.८ टक्के असतो, म्हणून तीस मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये सुमारे १३. "म्हणजे ही एक बाटली आणि तीन छोटे पेग सारखेच," तो जाहीर करतो. मग सहा बाटल्या, पाच माणसं, त्यांतला एक न घेणारा, असा भागाकार सुरू होतो. भागाकार पुरा होईपर्यंत त्याचा कप रिकामा झालेला असतो. बाटली दिसायला बाळसेदार आणि स्वभावाने गरीब असल्यामुळे हा घोटाळा भल्याभल्यांचा होतो.

मनुका, खजूर, लवंग हे सगळं या बिअरमध्ये घातलेलं असतं, असं कुणालाही वाटेल. यातलं बहुधा काहीच घातलेलं नसतं. जवाचं माल्ट, पाणी, हॉप्स, यीस्ट आणि काळपट होईपर्यंत उकळलेली बिटाची साखर, बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं. फळांचा वास यीस्ट तयार करतं. ते विसाच्या वरच्या उबेत कामाला लावलं की एस्टर नावाची संयुगं सोडतं; त्यांतलंच एक पिकल्या केळातही असतं. लवंगेची झाक फिनॉल जातीच्या संयुगांची. साखरेची गंमत वेगळीच. ती घातली की बिअर गोड होईल असं वाटतं, पण यीस्ट ती जवळजवळ सगळी खाऊन टाकतं. मद्यार्क वाढतो, अंग हलकं राहतं, मागे उरतो फक्त भाजल्या साखरेचा रंग आणि वास. घरचा जावई खाऊनपिऊन गेला आणि पाठीमागे अत्तराचा वास ठेवून गेला, असा हा प्रकार.

इतका वेळ वैद्यबुवा खारे दाणे संपवत बसलेले असतात. ते हात पुढे करतात, मामाच्या कपाचा नुसता वास घेतात आणि म्हणतात, "अरे, हे द्राक्षासव आहे."

सगळे हसतात. आणि मग एकेक जण पुन्हा कपात नाक घालतो, आणि हसू थांबतं.

वैद्यबुवांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. द्राक्षासवात मुख्य वस्तू द्राक्षं किंवा मनुका. गोडीला गूळ किंवा साखर. वर लवंग, दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, पिंपळी. आणि आंबायला मदत म्हणून धायटीची फुलं. ही धायटी सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्याच्या तोंडाला लालभडक फुलते. बंद भांड्यात हे मिश्रण आंबतं आणि त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो. औषधाच्या दुकानातल्या बाटलीवर तो 'स्वयंजनित' म्हणून छापलेला असतो, बहुधा पाच ते दहा टक्क्यांच्या घरात. शार्ङ्गधर संहितेत आसव-अरिष्टांसाठी स्वतंत्र अध्याय आहे. त्यातला ढोबळ भेद असा, की आसव न उकळता करतात आणि अरिष्ट काढा उकळून. जवाचं पाणी उकळून केलेली साधूंची बिअर या हिशेबाने अरिष्टात जाते. वैद्यबुवा हा मुद्दा सोडत नाहीत. द्राक्षासव म्हटलं ते फक्त वासापुरतं, असं ते दोनदा बजावतात.

म्हणजे मामाच्या आजीच्या फडताळात, मेतकुटाच्या बरणीशेजारी, तपकिरी काचेत भरलेली बेल्जियमची चुलतबहीण पन्नास वर्षं उभी होती. जेवणानंतर दोन चमचे, तेवढंच पाणी घालून. आजी देवळातही जात होती आणि आसवही घेत होती. तिला परवाना विचारायची कुणाची छाती नव्हती. बलसारांच्या खटल्यात औषधी बाटल्या सुटल्या त्या अशा घराघरांत पोचल्या होत्या. आणि बेनेडिक्टचा पाव लिटर असो की वैद्याचे दोन चमचे, दोघांनी आधी माप सांगितलं आणि मग पेय. हे माप आपण द्राक्षासवाच्या बाबतीत बिनतक्रार पाळलं. बिअर समोर आली की पाळत नाही, कारण ती पाण्याऐवजी प्यायची वस्तू आहे असं आपण ठरवून बसलो आहोत.

पिण्याबरोबर काय खावं, हा विषय निघाला की भाचा मठातल्या चीजबद्दल बोलू लागतो. माथेरानच्या बाजारात त्याची गरज नाही. इथे दर चार दुकानांआड चिक्की आहे. शेंगदाण्याची खरपूस चिक्की या बिअरला फार छान लागते. गूळ गुळाला भेटतो आणि भाजका दाणा माल्टच्या खरपूसपणाला साथ देतो. तिळाची त्याहून सरस. गुलाबाच्या पाकळ्यांची घेऊ नका, दोन अत्तरं एकमेकांशी भांडतात. खारे दाणे चालतील. कांदाभजी चालेल, पण हिरवी चटणी दूर ठेवा. मिरचीने मद्यार्काची ऊब आगीवर जाते. रस्त्यावर मिळणारं भाजलेलं कणीस, लिंबू न लावता. हिशेबी म्हणतो की चकलीही चालते. त्याला सगळंच चालतं.

ज्यांना असा भाचा नाही, त्यांनी काय करावं? बेल्जियमची फिकट बहीण आपल्याकडे केव्हाच नांदायला आली आहे. हुगार्डन गावी पियर सेलिस याने १९६६ मध्ये पुन्हा जिवंत केलेली गव्हाची बिअर, जिच्यात धणे आणि संत्र्याची साल घालतात. बिअरमध्ये धणे ऐकून आपल्याला बरं वाटतं. आमटीपासून फार लांब आलो नाही अशी खात्री पटते. बिरा-९१ ही २०१५ मध्ये बाजारात आली तेव्हा तीही बेल्जियममध्येच बनून येत होती. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली आणि तेव्हापासून पुण्या-मुंबईत ताज्या बिअरची घरं वाढत गेली. त्यांच्या फळ्यावर गव्हाची बेल्जियन धाटणीची बिअर सर्रास दिसते, काळी तगडी क्वचित. कारण सरळ आहे. तिला आंबायला आणि मुरायला आठवडे लागतात, महिनेही लागतात, तेवढा वेळ टाकी अडकून पडते आणि गिऱ्हाईक शुक्रवारी संध्याकाळी येतं. आठ टक्क्यांची हद्द वर आहेच. त्या हद्दीत बसणारा धाकटा भाऊ आहे, 'डबल'. वेस्टमाले मठाची त्या जातीची बिअर ७ टक्के आहे. हिवाळ्यात अशी काही टाकणार का, असं ताज्या बिअरच्या ठिकाणी विचारायला हरकत नाही. पुष्कळ जणांनी विचारलं तर टाकतीलही.

चवीचा निकाल द्यायचा तर असा. ही बिअर तहानेवर चालत नाही, मॅच बघताना चालत नाही आणि 'चिअर्स' म्हणून एका दमात संपवणाऱ्यांसाठी तर ती बनलेलीच नाही. थंडी, खुर्ची, चिक्की आणि बोलायला माणूस एवढं असेल तर एका बाटलीत दोघांची संध्याकाळ निघते. पहिला कप अर्धा झाल्यावर, बिअर जरा उबदार झाल्यावर, तिची चव सगळ्यात चांगली लागते. त्यामुळे सावकाश पिणाऱ्याला तिच्यात जास्त मिळतं. स्ट्राँगवाल्यालाही ती आवडते, पण तो हे घरी गेल्यावर कबूल करतो.

एक सूचना मात्र गंमत बाजूला ठेवून. बाटली उघडायची ती खोलीच्या व्हरांड्यात उघडा. नंतर चांदणं पाहायला म्हणून लुइझा किंवा पॅनोरमा पॉइंटकडे निघू नका. माथेरानात रात्री रस्त्यांवर दिवे थोडे, कडे सरळ तुटलेले आणि कठडे सगळीकडे नाहीत. रिकाम्या बाटल्या दरीत टाकू नका, पिशवीत घालून नेरळला खाली आणा. परतीच्या वाटेवर त्यांत साका उठायची भीती नसते, घोड्यावरूनही नेता येतात.